डुरंटची पोटरी आणि आमचा कट्टा

आमच्या कट्ट्यावर बास्केटबॉल कळणारी माणसं साडेचार. सर, नीलू, दिग्या आणि मी हे चार, पक्या अर्धा. हा हिशेब दिग्याचा. पक्याच्या हिशेबात अर्धा दिग्या आहे. कट्टा म्हणजे तरी काय, अमृततुल्यच्या शेजारी कायमचं बंद झालेलं एक झेरॉक्सचं दुकान, त्याच्या तीन पायऱ्या. वरच्या पायरीवर सर, कारण त्यांचे गुडघे. बाकीचे जिथे जागा मिळेल तिथे.

ही चर्चा १० जून २०१९ ची, सोमवार संध्याकाळची. तारीख लक्षात राहायला कारण आहे. त्याच दुपारी युवराज सिंगनं मुंबईत निवृत्ती जाहीर केली होती, आणि आदल्या दिवशी ओव्हलवर शिखर धवननं सुजलेल्या अंगठ्यानिशी ऑस्ट्रेलियाला ११७ मारले होते. अख्खं पुणं वर्ल्डकपमध्ये बुडालेलं. मान्सून दोनच दिवसांपूर्वी केरळात टेकला होता, इकडे नुसती उकड. आणि आम्ही पाच जण सात समुद्रांपलीकडच्या एका माणसाच्या उजव्या पोटरीवरून घसे कोरडे करत होतो.

माणूस म्हणजे केव्हिन डुरंट. अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सचा, उंची जवळजवळ सात फूट, २०१७ आणि २०१८ या दोन्ही फायनलचा सर्वोत्तम खेळाडू. ८ मे रोजी ह्यूस्टनविरुद्ध खेळताना त्याची पोटरी धरली आणि त्यानंतरचे नऊच्या नऊ सामने तो कोट घालून बसून होता. मधल्या काळात टीम प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, मालिका काढत फायनलला गेली आणि तिथे टोरांटो रॅप्टर्सनी तिला १-३ असं भिंतीला टेकवलं. चार सामने जिंकेल त्याचा करंडक. पाचवा सामना टोरांटोत, आपल्याकडे मंगळवारी सकाळी साडेसहाला. डुरंटनं रविवारी टीमबरोबर सराव केला अशी बातमी होती. खेळणार का, तर बघू.

"उद्या सकाळी साडेसहाला अंत्यदर्शन," दिग्या येता येताच म्हणाला. "ज्यांना यायचंय त्यांनी वेळेवर या. फुलं आणू नका."

दिग्या मूळचा लेकर्सवाला, कोबी ब्रायंटचा भक्त. २०१६ मध्ये कोबी निवृत्त झाला तेव्हापासून दिग्याचा पक्ष एकच, वॉरियर्सला जो हरवेल तो. त्यामुळे त्या जूनमध्ये तो कट्टर टोरांटोकर होता. त्यांच्या घरच्या सामन्याला पहिल्या रांगेत पगडी घालून एक सरदारजी बसतात, नव भाटिया, १९९५ पासून तोवर एकही चुकवलेला नव्हता, तर ते जणू दिग्याचे सख्खे मामा असल्यासारखा तो त्यांच्याबद्दल बोलायचा.

पक्यानं निळा टी-शर्ट घातला होता. वॉरियर्सच्या स्टेफ करीचा, ३० नंबरचा, फॅशन स्ट्रीटचा. पोर्टलंडची मालिका सुरू झाल्यापासून धुतला नव्हता. नीलू त्याच्यापासून दोन हात लांब बसली होती ती त्यामुळे.

"१-३ काय असतं ते आम्हाला नको शिकवूस," पक्या म्हणाला.

यात तथ्य आहे. हा आकडा वॉरियर्सनी दोन्ही बाजूंनी चाखलाय. २०१६ मध्ये ८२ पैकी ७३ सामने जिंकून आले आणि ओक्लाहोमापुढे १-३ असे मागे पडले. सहाव्या सामन्यात क्ले थॉम्पसननं ११ थ्री टाकले, म्हणजे लांबून तीन-तीन गुणांचे शॉट, आणि मालिका फिरली. पुढे फायनलला क्लीव्हलंडवर ३-१ आघाडी घेतली आणि ती घालवली. फायनलच्या इतिहासात १-३ वरून जिंकलेली टीम तोवर क्लीव्हलंड ही एकच. आणि ओक्लाहोमाच्या त्या हरलेल्या टीममध्ये कोण होता? डुरंट. ज्यांनी हरवलं त्यांच्याकडेच तो दुसऱ्या महिन्यात गेला. दिग्यानं याबद्दल त्याला अजून माफ केलेलं नाही. डुरंटला कळवायचं राहून गेलंय इतकंच.

"तेव्हा क्ले २६ चा होता आणि करी २८ चा," दिग्या म्हणाला. "पाय ताजे होते. आता मोज." त्यानं फोन काढला. तयारी करून आला होता. "२०१५ चे प्लेऑफचे सामने २१. १६ चे २४. १७ चे १७. गेल्या वर्षी २१. या वर्षी कालपर्यंत २०. किती झाले?"

"एकशेतीन," सर म्हणाले. सर तोंडी हिशेबात कुणाला ऐकत नाहीत.

"१०३. आणि अख्ख्या हंगामाचे साधे सामने असतात ८२. म्हणजे पाच वर्षांत ही माणसं सव्वासहा वर्षं खेळलीयत. त्यातही ते सव्वा वर्ष कसलं, तर प्रत्येक सामना जिवावरचा. काय होणार पायांचं?"

"तरीही सलग पाचवी फायनल आहे! आधी कुणी केलंय?"

"बिल रसेलच्या सेल्टिक्सनी. १९५७ ते ६६. सलग दहा."

पक्या गप्प. अर्धा कोण हे अशा वेळी कळतं.

पण खरं सांगायचं तर हंगामभर वॉरियर्सचं काहीतरी बिनसलेलंच होतं आणि ते पक्यालाही माहीत होतं. ५७ जिंकले, पण रडतखडत. नोव्हेंबरमध्ये क्लिपर्सविरुद्ध शेवटच्या क्षणी ड्रेमंड ग्रीननं डुरंटला पास दिला नाही, त्यावरून बाकावर सगळ्यांदेखत जुंपली, ड्रेमंडला टीमनं एक सामना घरी बसवलं. घरातलं भांडण चौकात आलं की ते मिटलं तरी मिटत नाही. मग प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत, पुन्हा त्याच क्लिपर्सविरुद्ध, स्वतःच्या मैदानावर ३१ गुणांची आघाडी होती. हरले. प्लेऑफमध्ये इतकी मोठी आघाडी तोवर कुणी घालवली नव्हती.

सरांना हे नवीन होतं. त्यांनी पेला खाली ठेवला. "एकतीस?"

"एकतीस, सर."

"मग तो थकवा नव्हे. माज आहे तो. थकलेली पोरं पाच-पाचनं आघाडी सोडतात, हळूहळू. एकतीसची आघाडी जाते ती मनानं घरी गेलेल्यांची."

सर शाळेत पीटीला होते. तीस वर्षं टीम बसवली. मला आणि दिग्याला बास्केटबॉल त्यांनी शिकवला, म्हणजे शिट्टी फुंकून आणि अधूनमधून शिट्टीची दोरी पोटरीवर मारून.

"त्याच मॅचमध्ये कझिन्सची मांडी गेली," नीलू म्हणाली. ती फिजिओथेरपिस्ट आहे, विद्यापीठाकडून खेळलेली. आमच्यात सगळ्यात चांगला डावा हात तिचा, आणि टीम पाडताना तो हात कुठल्या बाजूला जाणार यावर दर वेळी वाद. "तुम्ही लोक नुसते आकडे मोजता. मी सांगते यादी. कझिन्स, आधीच टाचेची नस तुटून वर्षभर बाहेर होता, परत आला तर मांडी फाटली. करी, ह्यूस्टनविरुद्ध डाव्या हाताचं बोट निखळलं. इग्वोडाला ३५ वर्षांचा, पोटरी. क्ले, दुसऱ्या सामन्यात हॅमस्ट्रिंग. लूनी, त्याच सामन्यात छातीच्या वरच्या बरगडीपाशी फ्रॅक्चर, आणि चौथ्या सामन्यात तो खेळला! आणि डुरंट. ही टीम आहे की जनरल वॉर्ड?"

"पण डुरंट नसतानाच तर चांगले खेळले," मी म्हणालो. मला मधे बोलायची सवय नाही, पण हा मुद्दा कुणीतरी काढायलाच हवा होता. "तो पडल्यावर ह्यूस्टनचा सहावा सामना ह्यूस्टनमध्ये जाऊन काढला. करीला पहिल्या अर्ध्यात शून्य, दुसऱ्या अर्ध्यात ३३. पोर्टलंडला ४-०. त्यात तीन वेळा पंधराहून जास्त गुणांनी मागे होते. चेंडू कसा फिरत होता बघितलास ना? डुरंट असला की चेंडू त्याच्या हातात जातो आणि चौघं उभे राहून बघतात."

"बघण्यासारखं असतं म्हणून बघतात," पक्या म्हणाला. हे वाक्य मात्र चांगलं होतं.

"ते पोर्टलंड होतं," दिग्या म्हणाला. "हे टोरांटो आहे. तिकडे कवाय आहे."

कवाय लेनर्डचं नाव निघालं की दिग्याचा आवाज देवळात गेल्यासारखा खाली येतो. आणि कवायनं त्या महिन्यात केलं होतंच तसं. फिलाडेल्फियाविरुद्ध सातव्या सामन्याच्या शेवटच्या सेकंदाला कोपऱ्यातून टाकलेला चेंडू रिंगवर चार टप्पे घेऊन आत पडला. मग साठ सामने जिंकून आलेल्या मिलवॉकीविरुद्ध ०-२ वरून सलग चार काढले. आता फायनलच्या चौथ्या सामन्यात ओकलंडला, वॉरियर्सच्या घरी जाऊन ३६ गुण आणि १२ रिबाउंड. त्या रात्री करीचे थ्री नऊपैकी दोन. एक सामना आधी त्याच करीनं एकट्यानं ४७ काढले होते, तरी टीम १४ नी हरली. वॉरियर्सची खरी काळजी त्या दोन आकड्यांत होती. करीचं चांगलं झालं तरी पुरत नाही आणि वाईट झालं तर विचारायलाच नको.

"कवाय एका मोसमात २२ सामने मुद्दाम बसला," दिग्या म्हणाला. "८२ पैकी ६० खेळला. लोक हसले. पैसे कशाचे घेतो म्हणाले. आता बघा कोण उभाय आणि कोण लंगडतोय."

"थांब," नीलू म्हणाली. "हे तू माझ्या बाजूनं बोलतोयस, कळतंय का तुला?"

दिग्याला कळलं नव्हतं.

"कवाय गेल्या वर्षी स्पर्सकडे होता. मांडीचं दुखणं. टीमचे डॉक्टर म्हणाले खेळ, हा म्हणाला माझ्या डॉक्टरांनी सांगितलं तर खेळेन. वर्षभरात नऊ सामने. नाटकी म्हणाले, टीमला सोडून गेला म्हणाले. शेवटी स्पर्सनी त्याला टोरांटोला पाठवून दिलं. आणि तोच आता फायनल खातोय. म्हणजे ज्या माणसानं 'नाही' म्हटलं तो आज टिकलाय. आणि त्याच फायनलमध्ये समोरच्या टीमच्या माणसाला सगळे म्हणतायत, खेळ बाबा, नाहीतर तू भित्रा."

"भित्रा कोण म्हणालं?"

"तू. शनिवारी. इथेच बसून."

पक्यानं टी-शर्टची कॉलर सारखी केली. टी-शर्टला कॉलर नव्हती.

मग सर बोलले. सर बोलायला लागले की आम्ही थांबतो. सवय शाळेपासूनची. "हे बघा, जो उभा राहू शकतो तो खेळतो. फायनल आहे. कुंबळेचं विसरलात? अँटिग्वा, २००२. जबडा मोडलेला. पट्टी बांधून १४ षटकं टाकली. लाराला काढलं."

"सर," नीलू म्हणाली, "जबड्यानं गोलंदाजी करत नाहीत."

एक क्षण शांतता. मग अमृततुल्यवाला आतून हसला, मग आम्ही, शेवटी सरही. पण नीलू सोडणाऱ्यातली नाही. "कालचा धवनही तसाच. अंगठ्याचं हाल होईल, पण अंगठ्यावर उडी मारून कुणी खाली येत नाही. आणि कुंबळेची ती मॅच ड्रॉ झाली."

"विलिस रीड!" पक्या ओरडला. कुठूनतरी व्हिडिओ बघितला असणार. "१९७०, सातवा सामना. मांडीचा स्नायू फाटलेला. सगळ्यांना वाटलं येणार नाही, लंगडत आला, पहिले दोन शॉट टाकले, न्यूयॉर्क जिंकलं!"

"अख्ख्या मॅचमध्ये चारच गुण त्याचे," दिग्या म्हणाला. "बाकीचं फ्रेझरनं केलं, ३६. त्याचं नाव कुणी घेत नाही. आता आयझाया थॉमसचं ऐक. १९८८, सहावा सामना, मुरगळलेल्या घोट्यावर एका क्वार्टरमध्ये २५ गुण. एका क्वार्टरमध्ये!"

"मग?" नीलूनं विचारलं.

"मग काय?"

"जिंकले का?"

दिग्यानं चहाचा घोट घेतला. "एका गुणानं हरले. सातवाही हरले."

"नुसते आकडे," नीलू म्हणाली. "पक्या, उठ."

"मी कशाला?"

"उठ. त्या खालच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेव. टाचा बाहेर, हवेत. आता टाच खाली सोड. हळू."

पक्या भिंतीला धरून उभा राहिला. समोरून जाणाऱ्या दोन आजी थांबून बघायला लागल्या.

"काय ताणलं जातंय?"

"पोटरी."

"आणि त्याच्या खाली, टाचेच्या वर, हात लाव. ती ताठ दोरी लागते ना, तिला अकिलीज म्हणतात. पोटरीचे स्नायू खाली येऊन त्या दोरीनं टाचेला बांधलेत. धावताना, उडीवरून खाली येताना, थांबून एकदम सुटताना जो दणका बसतो, तो पोटरी आधी पिते. पोटरी दुखावलेली असली, नीट ताकदीला आलेली नसली, तर तिचं काम त्या दोरीवर पडतं. तुटेलच असं मी म्हणत नाही. कुणीच सांगू शकत नाही. पण महिनाभर बसलेला माणूस, एक-दोन सराव, आणि एकदम फायनल, समोर टोरांटोचा डिफेन्स. माझ्याकडे आला असता तर मी म्हटलं असतं, घरी जा."

"कझिन्सची ती दोरीच तुटली होती ना?" सरांनी विचारलं.

"हो सर. आणि कोबीची." हे तिनं दिग्याकडे बघून म्हटलं.

दिग्या काही बोलला नाही. १२ एप्रिल २०१३, समोर वॉरियर्सच होते. कोबीची अकिलीज तुटली आणि तुटलेल्या पायावर उभं राहून त्यानं दोन फ्री थ्रो टाकले, दोन्ही आत, मग चालत बाहेर गेला. दिग्याच्या खोलीत त्या रात्रीचा फोटो आहे. तो कोबी नंतर पूर्वीचा कोबी राहिला नाही, हे दिग्या आमच्यात सगळ्यात चांगलं जाणतो, आणि फोटो तरीही तिथेच आहे.

इथे माझी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. दहावीत असताना आम्ही आंतरशालेय फायनलला होतो. आदल्या दिवशी सरावात माझा डावा घोटा मुरगळला. संध्याकाळी पावभर सुजला. सरांनी सकाळी विचारलं, "जमेल ना?" मी म्हणालो, "काही नाही सर, थोडंसं." बूट चढवताना डोळ्यांत पाणी आलं होतं ते मी बुटाची नाडी बांधत लपवलं. खेळलो. हरलो. घोटा दीड महिना गेला, आणि अजूनही तो पूर्ण माझा नाही. यात सरांचा दोष काढता येत नाही. त्यांनी विचारलं होतं. मी खोटं बोललो.

आणि म्हणून त्या संध्याकाळी मला पक्याचं पटत नव्हतं आणि नीलूचंही पुरतं पटत नव्हतं. ती म्हणत होती डुरंटला विचारा, त्याला वाटत नसेल तर नका खेळवू. पण त्याला वाटणारच. त्याला विचारण्यात अर्थच नाही. फायनलच्या आदल्या दिवशी खेळाडूचं 'मी ठीक आहे' हे दारुड्याच्या 'मला चढलेली नाही'सारखं असतं.

मी तसं बोललो. पक्या म्हणाला, "मग विचारायचं कुणाला? कोचला?"

"कोचनं क्लेला बसवलं होतं," मी म्हणालो. "तिसऱ्या सामन्यात. क्ले म्हणत होता खेळतो. प्लेऑफचा एकही सामना आयुष्यात न चुकवलेला माणूस. स्टीव्ह कर म्हणाला नाही, आज नाही. नंतर सांगितलं की त्याला खेळवलं असतं आणि काही झालं असतं, तर मी स्वतःला माफ करू शकलो नसतो. बरोबरच होतं. पण सामना गेला. १-१ चं १-२ झालं. आता पुन्हा तेच 'नाही' म्हणायचं, तेही १-३ असताना, त्यातून डुरंटला? एकदा नाही म्हणण्याची किंमत मोजून झालीय. दुसऱ्यांदा मोजायला छाती लागते."

"त्यात पैसा," दिग्या म्हणाला. "वर्षाला तीन कोटी डॉलर घेतो. करार संपत आलाय. पुढच्या महिन्यात टीम सोडून जाईल अशी बोंब आहे. जाणाऱ्या माणसाचा पाय जपायला कुणाला पडलंय?"

"असं नसतं रे," सर म्हणाले.

"असंच असतं सर. आपल्याकडे नसेल, कारण आपल्याकडे कुणाला पैसेच देत नाहीत."

"वाईट विचार करतोस."

"मी वाईट विचार करतो म्हणून माझी टीम ३-१ नं पुढे आहे."

यावर सरांनी त्याच्या डोक्यात टपली मारली. चाळिशीच्या माणसाला. त्यानं डोकं पुढे केलं, हेही नोंदवून ठेवतो.

साडेआठ झाले. अमृततुल्यवाल्यानं फळकुटं लावायला घेतली. पक्या आणि दिग्याची पैज ठरली. उद्या रॅप्टर्स जिंकले तर पक्यानं सगळ्यांना मिसळ, वॉरियर्स जिंकले तर दिग्यानं. जास्तीचा पाव धरून. डुरंट खेळो न खेळो.

"तो खेळला तर मी नाही येणार मिसळ खायला," नीलू जाता जाता म्हणाली. गाडीची किल्ली शोधत होती, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

सकाळी सव्वासहाला मी टीव्हीसमोर होतो. आवाज शून्यावर, घरात सगळे झोपलेले. बास्केटबॉल बघणाऱ्या पुणेकराचं आयुष्य असंच, चोरासारखं. डुरंट सुरुवातीच्या पाचात होता. ग्रुपवर पक्याचे मेसेज सुरू झाले. पहिला थ्री आत. दुसरा आत. पक्यानं नुसत्या आगी पाठवल्या, मोजता येणार नाहीत इतक्या. तिसराही आत. बारा मिनिटांत ११ गुण. आणि मी, जो काल इतकं शहाणपण बोललो, तो सोफ्यावर उभा राहून आवाज न करता ओरडत होतो. नीलूचा मेसेज नाही.

मग दुसरा क्वार्टर. समोर इबाका. डुरंटनं चेंडू हाताखालून वळवला, उजवा पाय रोवला, निघाला, आणि चेंडू सुटला. तो दोन पावलं लंगडत बाजूला गेला आणि खाली बसला. त्यानं हात पोटरीला लावला नाही. खाली लावला, टाचेच्या वर.

ग्रुपवर नीलूचा एक शब्द आला. "टाच."

त्यावर कुणीच काही लिहिलं नाही. टोरांटोतले काही प्रेक्षक टाळ्या पिटायला लागले होते. हात हलवून त्यांना गप्प केलं ते लाउरीनं, इबाकानं, रॅप्टर्सच्याच खेळाडूंनी. डुरंट बाहेर गेला तेव्हा मग सगळे उभे राहिले.

वॉरियर्स जिंकले. शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा ९७-१०३ असे मागे होते, मग क्ले, करी, पुन्हा क्ले, तीन थ्री. लाउरीच्या शेवटच्या शॉटला ड्रेमंडचं बोट लागलं. १०६-१०५. एरवी अशा शेवटासाठी पक्यानं अंगणात येऊन फटाके लावले असते. (सहाव्या सामन्यात क्लेचा गुडघा गेला, तोही आत जाऊन परत आला, दोन फ्री थ्रो टाकले आणि मगच थांबला. त्याच रात्री ट्रॉफीही गेली. पण ते शुक्रवारचं.)

साडेनऊला मी अमृततुल्यपाशी पोचलो तर दिग्या पाचशेची नोट हातात धरून उभा होता आणि पक्या ती घेत नव्हता.

"पैज म्हणजे पैज," दिग्या म्हणाला.

"ठेव तुझ्याकडे. पुढच्या वेळी."

"मी पैसे ठेवत नसतो."

पक्याच्या अंगात साधा चौकटीचा शर्ट होता. निळा टी-शर्ट बहुतेक धुवायला गेला असावा. नीलू आली नव्हती. दवाखान्यात असेल, मंगळवारी तिची सकाळ भरलेली असते, असं आम्ही एकमेकांना दोनदा सांगितलं.

सर वरच्या पायरीवर बसले होते. त्यांनी मॅच पूर्ण बघितली होती, चष्मा लावून, पहिल्यांदाच. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पेल्यातली साय बोटानं बाजूला करत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझा तो घोटा. डावा ना?"

"हो."

"अजून त्रास देतो?"

"पावसाळ्यात थोडा."

"मला कळलं होतं तेव्हा," सर म्हणाले. "नाडी बांधायला कुणी इतका वेळ लावत नाही."

मला काय बोलावं सुचेना. "मग बसवलं का नाहीत?"

सरांनी पेला खाली ठेवला. समोरून पीएमटी गेली, तिच्या धुरात ते थोडा वेळ डोळे बारीक करून बघत राहिले.

"फायनल होती रे," ते म्हणाले.